फुटलं असेल तर इकडे आणा

आमच्या सोसायटीत कोणाच्या हातून काही फुटलं की आधी शिव्या पडत नसत, आधी बाईंची आठवण निघायची. कपबशी फुटली तर नाही. चिनी मातीच्या भांड्यांशी बाईंना काही देणंघेणं नव्हतं. पण काचेचा ग्लास, लोणच्याची बरणी, सरबताची बाटली, हातातल्या बांगड्या, असं काहीही फुटलं की घराघरातून एकच हाक यायची, "टाकू नका रे, बाईंना देऊन या!" दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दाराबाहेर ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यांची रांग होती. हिरवी काच वेगळी, तपकिरी वेगळी, बांगड्या वेगळ्या. आणि वर भिंतीवर खडूने, फळ्यावर तारीख लिहावी तशा टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं: फुटलं असेल तर इकडे आणा. नवीन भाडेकरू ते वाचून बुचकळ्यात पडायचे. एकाने तर आपला बिघडलेला मिक्सर आणून ठेवलेला.

शाळेत बाई आम्हाला विज्ञान शिकवायच्या. डोंबिवलीत आमच्या वयाच्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातचे फटके खाल्लेत आणि उरलेल्या निम्म्यांनी खाल्ले नाहीत म्हणून त्यांना थोडं चुकल्यासारखं वाटतं. निवृत्त झाल्यावर बाईंचा वर्ग गेला, पण आवाज तसाच राहिला. लिफ्टमध्ये भेटल्या तरी आपण गृहपाठ विसरून आलोय असं वाटायचं. त्यांच्या यजमानांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते कल्याणपलीकडे मोहने गावातल्या कारखान्यात टाइमकीपर होते. सडपातळ, हळू बोलणारे, कायम इस्त्रीचा शर्ट. आप्पासुद्धा त्यांना बाईच म्हणत आणि वर 'तुम्ही' म्हणत. बाई मात्र रीतसर "अहो" म्हणायच्या. सगळं जग ज्यांना बाई म्हणतं त्यांना आपण घरात वेगळं काय म्हणणार, असं आप्पांचं साधं गणित होतं.

हे काचेचं वेड सुरू झालं ते एका स्फोटातून. एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीत काहीतरी उडालं आणि आमच्या इमारतीच्या निम्म्या खिडक्यांच्या काचा रस्त्यावर आल्या. कोणाला फार लागलं नाही, हे नशीबच. सगळे मोबाईलवर नातेवाइकांना "आम्ही ठीक आहोत" सांगण्यात गुंतलेले, आणि बाई पदर खोचून, हातात जाड मोजे घालून, जिन्यातली काच सुपात भरत होत्या. मला वाटलं, सफाई चाललीय. मीही कौतुकाने झाडू घेऊन गेले.

"झाडू नको गं!" बाई ओरडल्या. "माती मिसळेल त्यात. एवढी एकसारखी काच परत एकदम मिळायची नाही."

त्या काचेचं करायचं काय, हे त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळलं त्यांच्या ठाण्याला राहणाऱ्या मुलीने घेऊन दिलेल्या टॅबवर. डेन्मार्कमधला एक दाढीवाला माणूस, अंगात गुडघ्यापर्यंत लोंबणारा अंगरखा, मातीच्या घुमटीपुढे उकिडवा बसून लोखंडी सळईवर काचेचा मणी वळत होता. हजार वर्षांपूर्वीचे व्हायकिंग, म्हणजे उत्तरेकडचे ते जहाजं घेऊन लुटालूट करत फिरणारे, असेच मणी करायचे म्हणे. आणि त्यासाठी काच कुठली? बरीचशी फुटकी. दूरदेशाहून आलेले पेले फुटले की त्यांचे तुकडे जपून ठेवायचे आणि वितळवून मणी करायचे. बाईंनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि चष्मा काढून जाहीर केलं, "लुटारू कसले? काटकसरी माणसं होती ती."

मग त्यांनी त्या दाढीवाल्याला इंग्रजीत लिहिलं. पत्रासारखं, वर 'महोदय' वगैरे घालून. तुमचा भाता अनियमित चालतो, त्यामुळे ज्वाळेत धूर होतो आणि तुमची काच काळवंडते, तरी लक्ष द्यावे. मला वाटलं, तो चिडेल. त्याने उलट आभार मानले आणि विचारलं, तुम्ही कुठल्या संग्रहालयात असता? बाईंनी उत्तर दिलं: डोंबिवली पूर्व.

त्या माणसाचा मोठा गोतावळा होता. दर उन्हाळ्यात ही मंडळी जुन्या पद्धतीचे कपडे घालून जत्रा भरवतात, तलवारी काय, लोकर काय, सगळं हजार वर्षांपूर्वीसारखं. त्यांना तसेच मणी लागतात. अशी बाईंची गिऱ्हाइकं तयार झाली. आणि आमच्या गच्चीवर भट्टी आली.

भट्टी म्हणजे विटा, माती आणि शेण लिंपून केलेली, कमरेइतकीही उंच नसलेली घुमटी. वरून भोक, खालून हवा. कोळसा इस्त्रीवाल्याकडचा. कातड्याचा भाता आप्पांनी कल्याणच्या एका म्हाताऱ्या लोहाराकडून आणलेला. सोसायटीत हाहाकार झाला. त्यात पहिल्याच दिवशी वाऱ्याने काजळी उडाली ती नेमकी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांवर. मीटिंग बसली. बाई उभ्या राहिल्या आणि सगळ्यांकडे एकदा चष्म्यावरून पाहिलं. चेअरमन त्यांचाच विद्यार्थी. तो बसूनच बोलणार होता, पण आपोआप उभा राहिला. शेवटी ठरलं की वाळवणाच्या दिवसांत भट्टी बंद, एरवी चालू. एवढ्यावर भागलं. दुसऱ्या कोणाचा असा लाड आमच्या सोसायटीत झाला नसता.

गच्चीवर जायचं तर बाईंची परीक्षा पास व्हावी लागे. दारातच त्या तुमच्या बाहीचं कापड चिमटीत धरून चोळायच्या. "सुती? जा. हे काय, पॉलिस्टर? खाली जाऊन बदलून ये. ठिणगी पडली तर कातडीला चिकटेल." आमच्या सेक्रेटरीला त्यांनी असंच जिन्यावरून परत पाठवलेलं, आणि तो नोटीस द्यायला आलेला! नोटीस राहिली, शर्ट बदलून तो मणी बघायलाच वर आला.

बाई साडीवर शाळेतला पांढरा कोट चढवून भट्टीपुढे पाटावर बसायच्या. सळईला चिनी मातीचा लेप, म्हणजे मणी थंड झाल्यावर सुटून येतो. काच तापून मधासारखी लवचीक झाली की ती सळईवर घ्यायची आणि फिरवत राहायचं. हात थांबला की मणी एका बाजूला ओघळलाच. समोर आप्पा भाता ओढत असत. आणि एका लयीत हवा सुटावी म्हणून पाढे म्हणत. साधे नाहीत, जुने. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड, अडीच आणि साडेतीनचे पाढे. त्यांच्या वडिलांनी पाठ करून घेतलेले. बे दुणे चारचे पाढे भात्याला फार घाईचे होतात, असं त्यांचं मत होतं. बाईंना कोबाल्टच्या निळ्या मण्याला दिडकी लागायची आणि पिवळी नक्षी घालताना अडीचकी. "अहो, औटकीवर जाऊ नका, काच उकळेल," असं त्या भट्टीतून मान न काढता म्हणायच्या आणि आप्पा निमूट मागे यायचे. मी पुष्कळ नवरा-बायको पाहिलेत. इतका गुण्यागोविंदाने चाललेला भाता पाहिला नाही.

तयार मणी लगेच उघड्या हवेत ठेवला तर तडकतो. म्हणून तो राखेच्या घमेल्यात पुरायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचा. सकाळी बाई राख चाळायच्या आणि तडकलेला मणी निघाला की म्हणायच्या, "हा वाढला." मंगळसूत्र तुटलं म्हणू नये, वाढलं म्हणावं, ही आपल्याकडची जुनी रीत. पण बाईंच्या तोंडी? ज्यांनी आम्हाला ग्रहणात वर्गात बसवून डबा खायला लावला त्यांच्या? मी एकदा छेडलंच. तर म्हणाल्या, "ती अंधश्रद्धा नाही, तो शिष्टाचार आहे. त्या मण्यालाही वाईट वाटत असेल." एवढं बोलून त्या पुढची राख चाळायला लागल्या.

एरवी त्या अशा बाबतीत कट्टर. दिवेलागणीला केर बाहेर टाकू नये, लक्ष्मी जाते, असं आपल्या घराघरात म्हणतात. बाई मुद्दाम त्याच वेळी टाकायच्या. इकडे सगळ्यांच्या देवघरात निरांजन लागलं की तिकडे बाई केराची सुपली घेऊन खाली उतरायच्या. तळमजल्यावरच्या आजी दारातून कळवळून म्हणत, "अहो बाई, लक्ष्मी जाईल हो!" बाईंचं उत्तर ठरलेलं, "जायचं असेल तर लिफ्टने जाईल, माझ्या सुपलीतून कशाला?" वर्षानुवर्षं हा संवाद चालला. दोघींनाही त्याचा कंटाळा आला नाही.

माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाची गोष्ट. पत्रिका छापून झालेल्या. घरात रोज कोणी ना कोणी समजूत घालायला येई आणि मला त्या प्रत्येकाला गॅलरीतून ढकलावंसं वाटे. बाई आल्या त्या बसल्याही नाहीत. माझ्या बाहीचं कापड चोळून पाहिलं. "सुती आहे. चल वर." वर गेल्यावर माझ्या हातात चाळणी दिली. तास-दीड तास मी नुसती राख चाळत होते. उतरताना त्या म्हणाल्या, "एकदम हवेवर येऊ नकोस. राहा थोडे दिवस राखेत." बस्स. पण त्यानंतर मी रोज संध्याकाळी वर जायला लागले. पार्सलं बांधायला, पोस्टात न्यायला, टॅबवर आलेलं वाचून दाखवायला. मला तेव्हा कोणी विचारलं असतं की तू सावरलीस कशाने, तर मी सांगितलं असतं, राखेने. लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.

आता ती निळ्या काचेची गोष्ट. बाईंची सगळी गोष्ट मला त्या एका गोष्टीत दिसते.

त्या जत्रावाल्यांतली एक मुलगी होती, सिग्ने नावाची. तिचं लग्न ठरलेलं, आणि लग्नात ती व्हायकिंग पोशाख घालणार होती. त्या बायका दोन्ही खांद्यांवर वाटीसारख्या दोन पितळी पिना लावायच्या आणि त्यांच्यामध्ये मण्यांची माळ सोडायच्या. बाईंनी चित्र पाहिलं तेव्हाच त्या हसलेल्या. "बघ, यांच्याही दोन वाट्या! फक्त चढवल्या खांद्यावर." सिग्नेला तशी माळ हवी होती, पण बाईंच्या काचेची नाही. तिच्या आजीचा एक निळा वाडगा होता. लहानपणी आजी तिला त्यात दूध आणि रानातली फळं द्यायची. आजी गेली, आणि घर आवरताना वाडगा फुटला. ते तुकडे मी पाठवू का, असं तिने विचारलेलं. मला आजी लग्नाला हवी आहे, असंही लिहिलेलं.

गिऱ्हाइकाने पाठवलेली अनोळखी काच बाई कधी घेत नसत. दोन वेगळ्या काचा एका मण्यात नांदत नाहीत, निवताना एक जास्त आखडते, एक कमी, आणि मणी तडकतो. त्यात ही काच मोजकी, चुकली तर दुसरी आणणार कुठून? दोन दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "लिही तिला. पाठव म्हणावं. आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन दे." मोतीबिंदू पिकला होता, वर्षभर टाळत होत्या. बारीक नक्षीचा धागा दिसत नव्हता. सिग्नेच्या माळेसाठी त्या ऑपरेशनला तयार झाल्या.

हे सगळं मला ठाऊक होतं. आप्पांना नव्हतं. बाईंना घरात समजावून सांगायची सवयच नव्हती, त्या फक्त "दिडकी" म्हणायच्या आणि आप्पा दिडकी म्हणायचे.

ऑपरेशन ठाण्याला झालं. बाई मुलीकडे राहिल्या. मुलीने आप्पांना मात्र डोंबिवलीला परत पाठवलं, कारण दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाणी येणार नव्हतं आणि घरातली पिंपं भरून ठेवायला कोणीतरी हवं होतं. नेमकं त्याच दुपारी डेन्मार्कचं पार्सल आलं. मी ऑफिसात. आप्पांनी सही केली, खोकं हलवून पाहिलं, आतून खळखळ आवाज आला. उघडलं तर आत कापसात निळ्या वाडग्याचे तुकडे.

त्यांना काय वाटणार? त्या पोरीने बाईंना भेट पाठवली, आणि पोस्टवाल्यांनी ती वाटेत फोडली. आत एक चिठ्ठी होती, पण दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी आप्पांनी जन्मात वाचलेली नाही. ती त्यांनी बाईंच्या आरशाला टेकवून ठेवली. आणि डॉक्टरांनी तर बजावून सांगितलेलं, डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही. बाईंना शाळेच्या निरोपाच्या शालीनंतर कोणी काही दिलं नव्हतं. फुटका वाडगा बघून त्या रडतील. नव्या डोळ्याचं काय होईल?

म्हणून आप्पांनी दुसऱ्या दिवशी ते तुकडे कागदात नीट गुंडाळले, पिशवीत घातले आणि तस्साच वाडगा शोधायला निघाले. डोंबिवलीत मिळेना. कल्याणला गेले, बाजारातली दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी पुडी उघडून तुकडा दाखवायचा, "ह्या रंगाचा द्या." शेवटी आपल्या नोकरीच्या वाटेवर, शहाड स्टेशनजवळ, काचसामानाच्या एका दुकानात संध्याकाळी त्यांना निळा वाडगा मिळाला. बऱ्यापैकी तोच रंग. त्यांनी तो घेतला आणि तुकड्यांची पुडी दुकानदाराला दिली. "ही टाकून द्या," म्हणाले. घरी आणली असती तर बाईंना सापडली असती, आणि सोसायटीच्या डब्यात टाकली असती तर झाडूवाल्या मावशींनी नेमाने बाईंच्या दारात आणून ठेवली असती. एवढा विचार त्यांनी केलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई काळा चष्मा लावून ठाण्याहून आल्या. मी उपमा घेऊन वर गेलेले, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं. आप्पांनी टेबलावर वाडगा मांडलेला. खाली क्रोशाचा रुमाल. आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मला आधी काही कळलंच नाही.

"डेन्मार्कहून आलं बघा बाई," आप्पा म्हणाले. "अगदी सुखरूप आलं."

बाईंनी चष्म्याआडून वाडग्याकडे पाहिलं. आरशाजवळची चिठ्ठी उघडून माझ्या हातात दिली. मी मोठ्याने वाचली. हे एवढेच तुकडे आहेत, जपून वापरा, आजीचं आणखी काही माझ्याकडे नाही, असं होतं.

बाई वाडगा उचलून खालून बघत होत्या. त्यावर किमतीची चिकटपट्टी तशीच होती.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुकडे कुठे आहेत?"

आप्पांचा चेहरा उतरला. खुर्चीच्या पाठीला धरून ते उभे होते आणि एकच बोलत होते, "रडू नका. बाई, रडू नका हं, डॉक्टरांनी सांगितलंय." बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांना कधी इतकं शांत पाहिलं नव्हतं. दुसऱ्याची एकमेव वस्तू आपल्या घरातून गेली, आणि ती आपल्याच माणसाने आपल्याचसाठी घालवली. कोणावर ओरडणार? आप्पांनी शहाडच्या दुकानाचं सांगितलं तेव्हा "चपला घाला," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही धुळीत येऊ नका, आम्ही जातो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिक्षा बोलवायला गेले.

कल्याणच्या पत्री पुलावर आम्ही रहदारीत अडकलो ते अडकलोच. बाई मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला आप्पा. आप्पांचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. कान दिला तर दिडकी चालली होती, आणि ती सुद्धा चुकत होती. आप्पांची दिडकी! माझ्या डोळ्यांसमोर ती पुडी कचऱ्याच्या गाडीत पडताना दिसत होती. सिग्नेला लिहायचं काय, याची वाक्यं मी मनात जुळवत होते आणि एकही पुरं होत नव्हतं. तेवढ्यात बाईंनी न बघताच आप्पांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दीड सत्ते साडेदहा. अकरा नाही."

आम्ही पोचलो तेव्हा दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि दुकानदार स्वतः केर काढत होता. पायरीशी ढीग जमलेला, बाजूला सुपली आणि केराचा डबा. आप्पा रिक्षा पुरती थांबायच्या आत उतरले.

"काल संध्याकाळी... मी ती पुडी... काचेची..."

"अरे काका, तुम्ही?" दुकानदार म्हणाला. "बाउल फुटला काय परत?"

"पुडी! पुडी कुठाय? टाकलीत?"

"टाकणारच होतो की कालच. पण तुम्ही गेलात तेव्हा दिवाबत्ती झालेली ना. दिवा लागल्यावर आपण दुकानातून काय पण बाहेर टाकत नाय. लक्ष्मी जाते. म्हटलं, राहू दे, सकाळी टाकू." आणि त्याने झाडूच्या टोकाने कोपरा दाखवला. "तेच काढत होतो आता, बघा."

कोपऱ्यात, रिकाम्या खोक्यांखाली, आप्पांची पुडी होती. दोरासुद्धा तसाच. कागदावर आप्पांच्या टाइमकीपरी अक्षरात 'काच आहे' असं लिहिलेलं, उचलणाऱ्याला लागू नये म्हणून.

आप्पा पायरीवर मटकन बसले. मला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं आणि मी निर्लज्जासारखं दोन्ही करून घेतलं. काय सांगू, अंगावरून कोणीतरी पोतं उतरवून घेतल्यासारखं वाटलं. बाईंनी पुडी उघडली, एकेक तुकडा उजेडात धरला, परत गुंडाळली. मग त्या दुकानदाराकडे वळल्या. चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर त्यांनी व्याख्यानं दिली, ती गोष्ट समोर झाडू घेऊन उभी होती. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"चांगली पद्धत आहे हो तुमची," बाई म्हणाल्या.

आप्पांनी झटक्यात मान वर केली. "बाई, डोळा! डोळ्यात पाणी आलंय तुमच्या!"

"धूळ आहे," बाई म्हणाल्या. "हे केर काढताहेत ना."

डोळा पुरता बरा झाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, भट्टी पेटली. आप्पा वर यायला तयार नव्हते. "दुसऱ्या कोणाला तरी भात्यावर बसवा. माझ्या हातून काही बिघडायला नको आता." बाईंनी कोट चढवला, पाटावर बसल्या, सळईला लेप लावला आणि वाट बघत राहिल्या. कोळसे लाल होऊन पुन्हा राखाडी पडायला लागले तरी त्या बसून. शेवटी आप्पा आले आणि समोर बसले.

"दिडकी?" त्यांनी विचारलं.

"दिडकी," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आजीचा वाडगा तुकड्यातुकड्याने मण्यात गेला. त्यात दुसरी कुठलीच काच नाही, पिवळी नक्षी नाही, काही नाही. जोखीम नको, म्हणाल्या. नुसते निळे मणी, काही गोल, काही खरबुजासारखे चिरा पाडलेले, जुन्या माळांत असतात तसे. सगळे राखेत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला दांडी मारून गच्चीवर हजर. आप्पा घमेल्याकडे पाठ करून उभे. बाई चाळत होत्या, एकेक मणी काढून पुसून रुमालावर ठेवत होत्या. आम्ही दोघं त्यांच्या तोंडून तो एक शब्द येतो का, याची वाट बघत होतो. चाळणी रिकामी झाली. बाईंनी हात झटकले.

"एकही वाढला नाही," त्या म्हणाल्या. मग पाठमोऱ्या आप्पांकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? एकही नाही." आप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्म्याऐवजी तोंडच पुसत राहिले.

लग्नाचा फोटो आला. खांद्यांवर दोन पितळी वाट्या, मध्ये निळी माळ, आणि ती पोरगी माळेला हात लावून हसतेय. खाली लिहिलेलं, आजी वेळेवर पोचली. बाईंनी तो फोटो मला मोठा करून दाखवायला लावला आणि मण्यांची भोकं सरळ आलीत का ते तपासलं.

आता बाई-आप्पा ठाण्याला मुलीकडे राहतात. उंच टॉवर, तिथे कोळशाची भट्टी कोण लावू देणार? गॅलरीत एक छोटी गॅसची बत्ती आहे, तिच्यावर बाईंचं काम चालतं. भाता नाही, पण आप्पा समोर बसून पाढे म्हणतातच. बाईंना त्याशिवाय हात फिरवता येत नाही म्हणे. आमच्या जिन्यातले डबे अजून आहेत, आता ते माझ्या दाराबाहेर असतात. खडूची ओळ मी दर दिवाळीला रंगकाम झाल्यावर पुन्हा लिहिते. साठली की काच घेऊन ठाण्याला जाते.

परवा गेलेले. फळीवर तो शहाडचा वाडगा होता, खाली तोच क्रोशाचा रुमाल. जगातली प्रत्येक काच फुटायची वाट बघणारी ही बाई, पण त्या वाडग्याला आम्हाला कोणाला हात लावू देत नाही. पुसतात त्या स्वतः. बाईंनी माझी काच जमिनीवर ओतून निवडली. कामाची डब्यात गेली, बिनकामाची एका कागदावर राहिली. आत आप्पांनी देवापुढे दिवा लावला. मी तो कागद उचलला आणि कचऱ्याच्या खोलीत टाकायला दाराकडे निघाले.

"राहू दे गं," मागून बाई म्हणाल्या. "सकाळी टाकू."

मी वळून बघितलं. बाई चष्मा पुसत होत्या.

"तसं काही नाही," त्या म्हणाल्या. "उजेडात परत एकदा बघून घ्यावं, इतकंच."

आतून आप्पा हसल्याचा आवाज आला. मी कागद कोपऱ्यात ठेवला आणि चपला काढून परत आत येऊन बसले.